स्थानिक रहिवासी

मी ऑफिसात नेमकं करते काय, हे माझ्या आईला आजतागायत कळलेलं नाही. "शर्मिला पोलादपुरात माणसं भरते," असं ती आमच्या नाते गावात सगळ्यांना सांगते. ऐकणाऱ्याला वाटावं, मी स्टँडवर उभी राहून महाड-महाड ओरडत जीप भरते.

खरं तर मी पुण्यात एच.आर. शिकले. माझ्या बरोबरच्या मुली हिंजवडीत काचेच्या इमारतींत बसतात, शुक्रवारी कर्मचाऱ्यांना फुगे फोडायला लावतात आणि त्याचा पगार घेतात. मी परीक्षा दिली, पास झाले आणि पोलादपुरातल्या एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहाय्यक म्हणून चिकटले. टेबलावर पाटी, 'आस्थापना'. तालुक्यातल्या अंगणवाडी सेविकांच्या आणि मदतनिसांच्या नेमणुका, रजा, राजीनामे, सगळं माझ्याकडे. अधिकार म्हणाल तर शून्य. टिपणी मी लिहायची, सही साहेबांनी करायची आणि लोकांनी भांडायला माझ्याकडे यायचं.

आणि मीही भांडते, लपवून काय करू? माझा आवाज मोठा आणि डोकं लवकर तापतं. आमचे शिपाई चांगूमामा म्हणतात, "मॅडम, तुम्ही फोनवर बोलायला लागलात की गाड्या घाट चढायच्या थांबतात." त्यांना मी काही बोलत नाही. त्यांचा चहा चांगला असतो.

पुण्यात एक गोष्ट मात्र कुणी शिकवली नव्हती. इथे कर्मचारी एकटा म्हणून येत नाही. सेविकेला बाळंतपणाची रजा हवी असली तर सासू बोलते, दीर मध्ये तोंड घालतो, आणि जिचं बाळंतपण ती दाराशी उभी राहून पदराशी चाळा करते. सुरुवातीला मी म्हणायचे, "जिचा अर्ज आहे तिनेच बोला." मग तीही मान वर करून सासूकडेच बघायची. शेवटी मी हात टेकले.

तर दिवाळी होऊन गेली होती. भात घरात आलं होतं, लग्नांची बोलणी सुरू झाली होती, आणि एका सकाळी सोनबा माझ्या टेबलाशी आले. उमरठच्याही पुढे डोंगरात एक वाडी आहे, तिथले. बरोबर त्यांची मुलगी अंकिता. गेल्या वर्षी त्याच वाडीच्या अंगणवाडीवर सेविका म्हणून लागली होती. तिच्या नेमणुकीचा आदेश मीच टाईप केला होता. पोरगी हुशार, कामाला चोख. तिच्या अंगणवाडीत मुलं रडत नाहीत, असं तिच्या पर्यवेक्षिकाबाई सांगायच्या.

सोनबांनी आधी पिशवीतून काकड्या काढून टेबलावर ठेवल्या. मी म्हटलं, "बाबा, हे आधी उचला." त्यांनी उचलल्या आणि चांगूमामांच्या स्टुलावर ठेवल्या. मग हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरीचं लगीन जमलं. सुपारी फुटली."

"अरे वा! अभिनंदन."

"पोरगा मुंबयला हाय. कांदिवलीला. आपल्याच बाजूचा. तर म्हणलं, हिची बदली तेवढी कांदिवलीला करून द्या."

मला आधी वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण ते माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होते की मला चिडताच येईना.

"बाबा, सेविकेची अशी बदली होत नाही," मी म्हटलं. "ज्या गावची अंगणवाडी, त्याच गावची बाई. स्थानिक रहिवासी पाहिजे, अशी अटच आहे. गाव सोडलं की पद गेलं."

"सरकारी नोकरी हाय ना?"

"सरकारी म्हणजे… मानधनावरची आहे."

"मग बदली कशी नाय? मास्तरची होते. तलाठ्याची होते. पोलिसाची तर दर वर्षाला होते."

"तिची नाही होत!"

हे जरा मोठ्याने गेलं. सोनबांचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. ते खाली बघत सांगू लागले. मुलाकडच्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, मुलीच्या नोकरीचं काय? सोनबा सगळ्या गावकीसमोर म्हणाले होते, सरकारी हाय, बदली करून घेऊ. वाडीचे पुढारी मालोजी होते, मुंबईचं मंडळ मोबाईलवर ऐकत होतं. आमच्याकडच्या वाड्यांतली निम्मी माणसं मुंबईत. ती तिथे मंडळ करून राहतात आणि वाडीतलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. त्या मंडळासमोर शब्द गेला होता.

"आता नाय म्हणून सांगितलं तर लोक म्हणतील, सोनबाने फसवलं. पोरगी खपवायला खोटं बोलला. मला तोंड दाखवायला जागा रायची नाय."

"पण बाबा, बोलायच्या आधी विचारायचं तरी!"

"मला काय ठावं, बाय? सरकारी म्हणजे बदली, एवढंच मला ठावं." मग म्हणाले, "तिथं नळ घरात हाय. हिची आय हंडे वाहून वाहून गेली. हिला तरी घरातल्या घरात पाणी भेटावं."

आता यावर कुठली बया चिडणार? मग मी माझा राग अंकितावर काढला. "आणि तू गं? आदेश हातात दिला तेव्हा अटी वाचल्या नव्हत्यास?"

"वाचल्या, मॅडम."

"मग वडील बैठकीत बोलत होते तेव्हा तोंडाला कुलूप लावलं होतंस?"

तिने वडिलांची रिकामी पिशवी उचलून घडी घातली. जाताना सोनबा दारातून परत वळले. मुलाची आई खात्री करायला ऑफिसात येणार होती. "तेव्हा नुसतं 'बघू, होईल' एवढं म्हणा, मॅडम. पुढचं मी बघतो." मी सांगितलं, खोटं मी बोलणार नाही. ते मान हलवत गेले आणि मी दिवसभर ज्याच्या त्याच्यावर खेकसत राहिले.

मला त्या मुलीची कीव आली होती. बिचारीची नोकरी जाणार, असंच माझ्या डोक्यात. म्हणून मी माझी हुशारी चालवली. मुंबईत वस्त्यांमधूनही अंगणवाड्या असतात. पुण्यातली माझी एक मैत्रीण तिकडे अशाच कार्यालयात आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, बदली नाही, पण लग्न होऊन इथे राहायला आली, रहिवासाचा दाखला काढला, तर नवीन अर्ज करू दे की. जागा निघतात. अनुभव आहे म्हटल्यावर अडचण येऊ नये.

मला इतका आनंद झाला! पुढाऱ्यालाही जमलं नसतं असं काम मी एका फोनवर केलं होतं. पुढच्या आठवड्यात सेविकांची मासिक सभा होती. सभा सुटल्यावर मी अंकिताला गाठलं आणि समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, "आता बाबांना सांग, शब्द खोटा पडणार नाही. इथला राजीनामा, तिथला अर्ज. मी स्वतः पाठपुरावा करते."

तिने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"मॅडम, पाया पडते तुमच्या. हे बाबांना सांगू नका."

"अगं, का?"

"मला जायचं नाय."

"लग्न नको आहे? मुलगा आवडला नाही?"

"लगीन नको असं नाय. साहिल बी चांगला हाय. फोनवर नीट बोलतो, जेवलीस का विचारतो." मग जे बोलली ते एका दमात बोलली. "मॅडम, आमच्या वाडीतल्या सगळ्या पोरी मुंबयला दिल्या. माझ्या बरोबरची एक नाय रायली. सणाला येतात नि दोन दिवसांत जातात, नि जाताना गाडीत बसून रडतात. मला नाय जायचं. मला आमचा डोंगर आवडतो, पोरं आवडतात, सकाळी अंगणवाडी उघडली की समोर शेत दिसतं ते आवडतं. आता ह्याला काय कारण हाय का? नाय. पोरीच्या जातीला गावात रायला कारण लागतं. तुमच्या जाहिरातीत लिवलं होतं, स्थानिक रहिवासी पाहिजे, गाव सोडता येणार नाय. ते वाचलं नि त्याच दिवशी अर्ज भरला."

सेविका म्हणून लागायला लोक नाना कारणांनी येतात. घराला हातभार, नवरा पितो, लेकरांचं शिक्षण. पण माझ्या आदेशातली ती रुक्ष अट कुणी स्वतःसाठी आधार म्हणून घेतली असेल, असं मला सात जन्मांत सुचलं नसतं.

"मग वडिलांना सांग की गं सरळ."

"त्यांनी जन्मभर हेच बघितलंय, मॅडम. आयला पाणी आणताना. त्यांना वाटतं मला सुख देतायत. त्यांना कसं सांगू, तुमचं सुख मला नको?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी म्हणलं, बदली होत नाय कळल्यावर पोराकडचेच मोडतील. तुम्ही नाय म्हणालात तेव्हा मला वाटलं, सुटले."

आणि मी शहाणी, मुंबईला फोन करून बसले होते! मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. तिला म्हटलं, मी आपणहून बोलणार नाही. पण कुणी समोरासमोर विचारलं, दुसरा काही मार्ग आहे का, तर? मी खोटं बोलत नाही, असं तिच्या बापाला तोऱ्यात सांगून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

शेवटी ते आलेच. साहेब अलिबागला मीटिंगला गेलेले, ऑफिस रिकामं. बाहेर जीप थांबली. मालोजी आणि वाडीची दोन माणसं व्हरांड्यातल्या बाकावर तंबाखू मळत बसली. आत आले सोनबा, अंकिता आणि मुलाची आई, येसूबाई. साहिलला सुट्टी मिळाली नव्हती. येसूबाई ठेंगणी, नीटनेटकी, हातात मोबाईल, खांद्याला पर्स. तिने पर्स मांडीवर घेतली आणि सरळ मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका, मी भांडायला नाय आले. मला एक सांगा. हिची बदली होते का नाय होत?"

"नाही होत, मावशी."

सोनबांनी डोळे मिटून घेतले.

"पैसे देऊन?"

"मावशी!"

"बरं बरं. मग दुसरा काय मार्ग असेल ना? मुंबयला बी अंगणवाडी असते. आमच्या चाळीच्या मागेच हाय की. तिथं नाय लागणार ही?"

झालं. जो प्रश्न मला नको होता, तोच. अंकिता माझ्याकडे बघत नव्हती. टेबलाच्या कडेला धरून उभी होती, नखं पांढरी झालेली. सोनबा मात्र एकदम सरळ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आशा आली होती. हो म्हटलं तर बाप सुटणार होता आणि लेक अडकणार होती. नाही म्हटलं तर लेक सुटणार, पण मी खोटारडी ठरणार आणि बाप गावात खाली मान घालणार. मी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता, तरी प्यायले.

"मावशी," मी म्हटलं, "मार्ग आहे का ते मी सांगते. पण त्याआधी तुम्ही हिला एकदा विचारा."

"काय विचारू?"

"मला का विचारता? तुम्हाला सून करायची आहे ना!" माझा आवाज चढला. "नोकरीची चौकशी करायला एवढ्या लांबून आलात. मुलीची कुणी केली का?"

येसूबाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठणार आणि माझी तक्रार थेट अलिबागला जाणार. पण ती हळूच अंकिताकडे वळली.

"काय गो? तुला यायचं हाय ना मुंबयला?"

अंकिताने टेबलाची कड सोडली.

"नाय," अंकिता म्हणाली.

"अगो!" सोनबा ओरडले आणि लगेच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "काय बोलतंस? मग इतके दिवस का नाय सांगितलंस मला?"

"तुम्ही विचारलंत कुठं, बाबा?"

सोनबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले, आपली मुलगी कुणी बदलून आणली की काय तसे. "तिथं नळ हाय गो घरात," ते पुन्हा म्हणाले, पण आता आवाजात जोर नव्हता.

"मला हंडा उचलतो, बाबा."

बापाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मग येसूबाईकडे वळून त्यांनी हात जोडले. "मी तुमची फसवणूक नाय केली हो. मला खरंच ठावं नव्हतं. पण आता बाहेर जाऊन काय सांगू? पोरगीच नाय म्हणते म्हणून सांगितलं तर हिचं नाव जातं. बदली होत नाय म्हणून सांगितलं तर माझा शब्द जातो."

येसूबाईने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. मग खुर्ची पुढे ओढून माझ्या कानाशी आली.

"मॅडम, तुमचा आवाज मोठा हाय ना?"

"म्हणजे?"

"मगाशी आम्ही बाहेर होतो, तुम्ही फोनवर कुणाला तरी झापत होतात. पार रस्त्यावर ऐकू येत होतं. तसं ओरडा. आमच्यावर. मालोजीला ऐकू गेलं पाहिजे."

"काय ओरडू?"

"आदी होती बदली, आता नवीन नियम आला, बंद झाली. शब्द दिला तेव्हा होती. सोनबाचा शब्द खरा होता, सरकारने मोडला. सरकारवर काय, सगळेच चिडतात, त्याच्यावर अजून एक." आणि सोनबांना म्हणाली, "मंडळात मी बोलते. म्हणते, पोरगी लाखात एक हाय, पण सरकार सोडत नाय. माझ्या पोराला दुसरी भेटेल. जिला यायचं नाय तिला नेऊन मी काय करू? रडत भाकरी करणारी सून मला नको."

म्हणजे खोटं बोलायचंच होतं. आणि तेही गावभर ऐकू जाईल असं. मी अंकिताकडे पाहिलं, सोनबांकडे पाहिलं. मग टेबलावर जोरात फाईल आपटली.

"एकदा सांगितलं ना होत नाही म्हणून!" मी ओरडले. "पूर्वी होत होती, आता बंद! नवीन नियम आलाय! तुमच्या शब्दासाठी मी सरकारचा नियम बदलू का? कोण मालोजी? मुख्यमंत्री आले तरी बदली होणार नाही! निघा!"

चांगूमामा चहाचा ट्रे घेऊन येत होते ते दारातच गरकन वळून परत गेले. सोनबा खरोखरच दचकून उभे राहिले. मालोजींचं डोकं खिडकीत आलं. "काय झालं रे सोनबा?"

"नाय म्हणतायत," येसूबाईच बोलली, अगदी रडवेल्या आवाजात. काय नट होती बाई! "परवापरवापर्यंत होती म्हणे. आमचंच नशीब फुटकं."

"ह्या सरकारच्या तर…" म्हणून मालोजींनी जी सुरुवात केली ती इथे लिहिता येणार नाही. तंबाखू थुंकून ते सोनबांच्या पाठीवर हात ठेवायला आतच आले. "जाऊ दे रे. तुझा काय दोष? ह्यांचा कायदा रोज बदलतो. मी सांगतो मंडळाला." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मुद्दाम अजून थोडं तोंड वाकडं केलं. ते सोनबांना धरून बाहेर घेऊन गेले. अंकिता मागोमाग निघाली. दारात थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. मी हातानेच म्हटलं, जा आता, उद्या अंगणवाडी उघडायची आहे.

येसूबाई तेवढी मागे राहिली. मला वाटलं पदर सारखा करतेय. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"मावशी, तुमचे उपकार झाले," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाटलं ना. पोरगी मला आवडली होती." ती भिंतीवरच्या तालुक्याच्या नकाशाकडे बघत होती. त्यात सावित्री निळ्या रेघेने काढली आहे. तिने त्या रेघेवर बोट ठेवलं आणि पुढे पुढे नेलं, महाडच्या दिशेने, जिथे आमच्या तालुक्याचा रंग संपतो आणि नुसती भिंत सुरू होते. "मी तुडीलची. ते ह्याच्यात नाय, इकडे कुठं तरी येईल. दारातून नदी दिसायची आमच्या. लगीन झालं तेव्हा मी हिच्याएवढी पण नव्हते. कांदिवलीला नेलं ते नेलं. नळ घरात होता हां, खोटं नाय बोलणार."

बाहेरून जीपचा हॉर्न वाजला. मालोजी अजून सरकारचा उद्धार करत होते.

"मॅडम, एक विचारू? हसणार नाय ना?"

"विचारा की."

"ते जे तुम्ही हिला दिलं. गाव सोडता येणार नाय म्हणून. ते कुणाला बी भेटतं का? म्हणजे समजा, तुडीलला अशी जागा निघाली, मदतनिसाची का असेना. मला सातवीपर्यंत शाळा हाय."

मी मगाशी आपटलेली फाईल उचलून उगाच सरळ केली.

"वयाची अट असेल ना?" तिनेच विचारलं.

"हो, मावशी. आहे."

"असणारच," ती म्हणाली, आणि पर्स खांद्याला लावून जीपकडे गेली.